आर्वो पॅर्ट: नेमकं काय ऐकायचं, आणि सगळं सारखंच का वाटतं?

मध्यलय

हयात असलेल्या संगीतकारांपैकी एखाद्याला नीट ऐकायचं म्हणून आर्वो पॅर्ट हाती घेतले. एस्टोनियाचे, जन्म १९३५चा. नाव जिथे तिथे दिसतं, म्हटलं इथूनच सुरू करू. आतापर्यंत ऐकलं ते असं: 'फ्युअर अलिना', 'फ्रात्रेस', 'कान्टुस' आणि 'श्पीगेल इम श्पीगेल'. खरं सांगतो, शेवटी शेवटी रचना बदलली की आधीचीच चालू आहे हेही कळेना. सगळं संथ, सगळं उदास, सगळं सुंदर. सुंदर आहे यात वाद नाही. पण नव्वदी गाठलेल्या माणसाचं आयुष्यभराचं काम एवढं एकरंगी कसं?

तर जाणकारांनी सांगावं की यांच्या खरोखर महत्त्वाच्या रचना कोणत्या आणि का. नुसती यादी नको, ती कुठेही मिळते. माझं मत आत्ताच नोंदवून ठेवतो: हे उत्तम दर्जाचं पार्श्वसंगीत आहे. त्यापलीकडे काही असेल तर दाखवा.

तिरपागडा

'पार्श्वसंगीत' म्हणालात! धागा शंभरी गाठणार. खुर्ची टाकून बसलोय.

कोमल_रिषभ

मध्यलय, तुम्ही ऐकलेल्या रचनांची सालं बघा. अलिना १९७६, फ्रात्रेस आणि कान्टुस १९७७, श्पीगेल १९७८. म्हणजे एका माणसाची जेमतेम दोन-अडीच वर्षं ऐकून तुम्ही आयुष्यभराच्या कामावर निकाल देताय.

त्याआधीचा पॅर्ट ऐकलात तर हाच तो माणूस यावर विश्वास बसणार नाही. १९६०चं 'नेक्रोलोग' ही एस्टोनियातली पहिली बारा-स्वरी पद्धतीची रचना, म्हणजे बाराही सुरांना सारखाच मान, षड्ज असा कुणी नाही. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. सोव्हिएत संगीतकार संघाचे प्रमुख ख्रेन्निकोव यांनी त्यावरून त्यांना जाहीर झोडपलं होतं. गंमत म्हणजे त्याच सुमारास लहान मुलांच्या गायकवृंदासाठी लिहिलेल्या 'आमची बाग' नावाच्या कॅन्टाटाला (वाद्यवृंदासह गायच्या रचनेला) मॉस्कोत पहिलं बक्षीसही मिळालं. एकाच माणसाला एका हाताने चापट, दुसऱ्या हाताने पेढा.

आणि मग १९६८चं 'क्रेडो'. आधी ते ऐका, मग बोलू.

सुरपेटी

क्रेडोला +१. पियानो, गायकवृंद आणि वाद्यवृंद. सुरुवात बाखच्या सी मेजर प्रिल्यूडवर, तीच ती, पियानो शिकणारं प्रत्येक पोर वाजवतं ती. मग 'डोळ्याच्या बदल्यात डोळा' ही ओळ येते आणि सगळा वाद्यवृंद हळूहळू पेटत जातो. एक वेळ अशी येते की नुसता कल्लोळ उरतो, कुणी काय वाजवतंय याचा पत्ता नाही. त्यातून पुन्हा बाख वर येतो.

एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये, नीमे यार्वी यांच्या संचालनाखाली पहिला प्रयोग झाला. श्रोत्यांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावलं. लॅटिनमध्ये का होईना, पण 'मी येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवतो' असं सोव्हिएत राज्यात जाहीर गायलं गेलं होतं. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. रचनेवर बंदी आली आणि सरकारी कामं आटली.

मध्यलय

क्रेडो ऐकलं. हेडफोन लावून ऐकायला नको होतं, मधल्या भागात कान बधिर झाले. बरं, मान्य, एकरंगी नाही. पण मग उलट प्रश्न पडतो. एवढं स्फोटक लिहिणारा माणूस पुढे एक-एक सूर मोजून टाकायला का लागला? बंदीला घाबरला?

कोमल_रिषभ

घाबरला असता तर सरकारला हवं ते लिहून मोकळा झाला असता. तसं लिहायला हात बसलेला होताच, बक्षीस काय उगाच मिळालं?

क्रेडोनंतर जवळजवळ आठ वर्षं गप्प. अगदीच गप्प असं नाही, १९७१मध्ये तिसरी सिम्फनी आली, ती यार्वींनाच अर्पण केलेली आहे. पोटापाण्यासाठी चित्रपटांचं संगीतही चालूच होतं. पण स्वतःचं म्हणावं असं काही सुचत नव्हतं. त्या काळात त्यांनी ग्रेगोरियन चांट (चर्चमधलं जुनं एकसुरी प्रार्थनागायन) आणि जुन्या बहुस्वरी गायनाचा मुळापासून अभ्यास केला. एकच एक सुरावट वह्याच्या वह्या भरून लिहायचे. १९७२मध्ये ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला. आणि १९७६मध्ये अलिना आली. दोन पानांची.

गणिती_मूर्ख

इथे मी विरोधी बाकावर बसतो. वाद्यवृंद पेटवता येणाऱ्याने आठ वर्षं घालवून दोन पानं आणली, आणि ती दोन पानं म्हणजे काय? दोन हात, नियम ठरलेला. एकाने स्वरसप्तकात हिंडायचं, दुसऱ्याने एका कॉर्डचे तीन सूर सोडायचे नाहीत. हा नियम एकदा लिहून दिला की संगणक दिवसाला शंभर अलिना पाडेल. याला रचना म्हणायचं?

खर्जातला

नियम सांगितलाच आहे तर नीट उलगडून बघू. पाश्चात्त्य नावं न घेता आपल्या भाषेत सांगतो. अलिनाचा षड्ज म्हणजे 'बी'. उजवा हात आसावरी थाटाच्या सुरांत चालतो, म्हणजे ग, ध, नि कोमल. डावा हात फक्त सा, कोमल ग आणि प यांच्यावर. उजव्याने जो सूर घेतला त्याच्या लगेच खालचा या तिघांतला सूर डाव्याने द्यायचा. रे आला की खाली सा. म आला की ग. प आला तरी खाली ग, कारण तोच सूर द्यायचा नाही. कोमल ध आला की प. दोन्ही एकदमच वाजतात.

आता हे पेटीवर करून बघा. रे-सा ही जोडी खुपते. लगेच पुढची म-ग तशीच खुपते. मग प-ग येतं आणि एकदम मोकळं वाटतं. तणाव आणि सुटका कुणी मुद्दाम घातलेली नाही, नियमातूनच उगवते. संगणक शंभर पाडेल हे खरं. पण उजव्या हाताने कुठे जायचं हे नियम सांगत नाही, ते माणसाला ठरवावं लागतं.

आणि शेवटाकडे एका ठिकाणी डावा हात नियम मोडतो. तीन सुरांबाहेरचा एक सूर घेतो, तो रे. छापील प्रतीत पॅर्टने तिथे एक फूल काढलंय.

गणिती_मूर्ख

फुलाचं माहीत नव्हतं. हं.

तरी विरोधी बाक सोडत नाही.

अनवट

अलिना 'सोपी' म्हणणाऱ्यांनी एकदा वाजवून दाखवावी. मी पियानो शिकवते. विद्यार्थी पहिल्या दिवशी सगळे सूर वाचून काढतात आणि खूश होतात. मग खरी पंचाईत सुरू होते. ताल लिहिलेला नाही, फक्त कोणता सूर छोटा आणि कोणता लांब एवढंच कळतं. सुरुवातीला खर्जात 'बी' दाबून पेडलवर धरून ठेवायचा आणि तो गुंजत असताना वर खेळायचं. त्यात एखादा सूर जरा जोरात पडला की लपवायला जागाच नाही. जलद तानांत दहा चुका पचतात, इथे अर्धीही पचत नाही. परीक्षेसाठी हा पीस घ्यायला मी कुणालाच सुचवत नाही!

गजानन_गजवाला

अनवटताई, व्हायोलिनवर श्पीगेल वाजवून बघा मग. पियानोवाला बापडा तीन-तीन सूर शांतपणे मोजत बसतो. व्हायोलिनला लांबच लांब सूर, व्हायब्रेटो जवळपास नाही. गज जरा थरथरला की शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं. मला तर ते वाजवताना स्वतःच्या नाडीचे ठोके गजात दिसतात.

रचना म्हणाल तर शिस्तशीर आहे. सुरावट दर वेळी एका सुराने लांबते, कधी चढती, कधी उतरती, आणि दर वेळी 'ए'वर परत येते. पहिल्या ओळीत दोन सूर, पुढे वाढत जातात. हे एकदा लक्षात आलं की पार्श्वसंगीत म्हणून ऐकताच येत नाही, आपण पुढचा सूर मोजायला लागतो.

तिरपागडा

प्रत्येक माहितीपटात हिमनदी वितळायला लागली की श्पीगेल सुरू होतं त्याला काय करायचं? मला आता हिमनदी दिसली की एफ मेजर ऐकू येतो.

सुरपेटी

:ड

त्यात पॅर्टचा काय दोष? दिग्दर्शकांना आयते अश्रू लागतात.

खर्जातला

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: एकच रचना सांगायची तर 'कान्टुस'. इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन डिसेंबर १९७६मध्ये गेले, त्यांच्या स्मरणार्थ लिहिलेली. तंतुवाद्यं आणि एक घंटा, बस. सहा-सात मिनिटांचा खेळ.

सगळी तंतुवाद्यं एकच उतरता स्वरक्रम वाजवतात, पण प्रत्येक गट आधीच्याच्या निम्म्या लयीत. पहिली व्हायोलिनं चालतात, दुसरी त्याच्या निम्म्याने, व्हिओला त्याच्या निम्म्याने, असं करत डबल बेस सोळापट संथ. विलंबित आणि द्रुत एकाच वेळी, एकाच आवर्तनात बांधलेलं. जो तो आपापल्या मुक्कामाच्या सुराला पोचला की तिथेच थांबून राहतो. शेवटी सगळे पोचतात आणि पूर्ण ताकदीने तो ए मायनर कॉर्ड धरतात.

आता कान द्या. त्या आवाजात घंटेचा एक ठोका हळूच पडलेला असतो, तो ऐकूच येत नाही. तंतुवाद्यं एकदम थांबतात आणि मागे नुसती घंटेची आस उरते. त्या आसेत मला शुद्ध गंधार ऐकू येतो. आख्खी रचना कोमल गंधारात घालवली आणि शेवटी कुणीही न वाजवलेला शुद्ध गंधार! ज्यांनी जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार निघताना ऐकलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कोमल_रिषभ

दंडवत घ्या. इतक्या वेळा ऐकलंय आणि त्या शेवटच्या ठोक्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

गणिती_मूर्ख

हे मात्र तपासलं. रेकॉर्डिंगचे शेवटचे काही सेकंद आवाज वाढवून ऐकले. आहे. गंधार आहे.

पण माझा मुद्दा त्याने बदलत नाही. ही भौतिकशास्त्राची करामत झाली, घंटेचं श्रेय पॅर्टला कशाला?

अनवट

घंटा कधी वाजवायची आणि तंतुवाद्यं कधी थांबवायची, हे घंटेने ठरवलं का?

जॅझभक्त

जरा अवांतर. मी पॅर्टपर्यंत आलो तो जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटमुळे. १९८४मध्ये ईसीएमने 'ताबुला रासा' नावाची रेकॉर्ड काढली, त्यात फ्रात्रेस व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर आणि जॅरेट यांनी वाजवलंय. ईसीएम म्हणजे जॅझची पंढरी, तिथे हे काय म्हणून मी घेतली. कंपनीचे मॅन्फ्रेड आयशर यांनी म्हणे गाडी चालवताना रेडिओवर हे संगीत ऐकलं आणि थांबूनच ऐकत राहिले. ईसीएमची 'न्यू सिरीज' याच रेकॉर्डने सुरू झाली. पॅर्टचं नाव पश्चिमेत घरोघरी पोचलं ते त्यानंतर.

फ्रात्रेसचे अवतार किती आहेत याची गणतीच नाही. व्हायोलिन-पियानो, चेलो, तंतुवाद्य चौकडी, बारा चेलो, फुंकून वाजवायची वाद्यं. मूळ रचनेत कोणत्या वाद्याने वाजवायचं हेच नक्की केलेलं नव्हतं.

गजानन_गजवाला

जॅझभक्त, त्याच रेकॉर्डवरची 'ताबुला रासा' ऐकलीत की नाही? ती १९७७ची. दोन व्हायोलिनं, तंतुवाद्यवृंद आणि प्रिपेर्ड पियानो, म्हणजे तारांमध्ये स्क्रू वगैरे अडकवून त्याचा घंटेसारखा आवाज काढलेला. पहिला प्रयोग टॅलिनचा, क्रेमर आणि तात्याना ग्रिंदेन्को व्हायोलिनवर, संचालन एरी क्लास यांचं. रेकॉर्डवरच्या प्रयोगात पियानोवर चक्क संगीतकार आल्फ्रेड श्निटके बसलेत. वादकांनी आधी कागद बघितले तेव्हा यात संगीत कुठाय असं विचारलं होतं, ही गोष्ट पॅर्ट स्वतःच सांगतात.

पहिला भाग 'लुदुस'. सुरुवातीला दोन व्हायोलिनं एकच 'ए' दोन टोकांना जोरात घेतात आणि मग लांबलचक शांतता. पुढे संगीताचे खंड वाढत जातात, शांतता आक्रसत जाते. दुसरा भाग 'सिलेंतिउम', उलटा प्रवास. षड्ज 'डी'. शेवटी सगळी वाद्यं एकेक करून गळत जातात, उरतो डबल बेस. तो खाली उतरत येतो, ग, रे...

आणि थांबतो. सा येत नाही. पुढचे काही कोरे मोजलेले बार (मात्रांचे गट), ते वाजवायचे नाहीत पण मोजायचे.

मध्यलय

हे वाचून लगेच लावलं. षड्ज न देता उठून जाणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. आपल्याकडे असं कुणी केलं तर तानपुऱ्यावाला स्वतः गाऊन पूर्ण करेल.

खर्जातला

खरं तर तो सा आपल्याच डोक्यात वाजतो. तेच हवंय त्यांना.

सुरपेटी

आणि नेमक्या त्या मोजलेल्या शांततेत सभागृहातल्या कुणालातरी खोकल्याची उबळ येते! मी एकदा प्रत्यक्ष ऐकलं तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी त्याच क्षणी गोळीचा कागद उलगडला. हळूहळू. आवाज येऊ नये म्हणून.

तिरपागडा

ती फ्रात्रेसची अठरावी आवृत्ती. गोळीच्या कागदासाठी.

नवखी_श्रोती

मी इथे नवीन. एक प्रश्न, हे सगळं टॅलिनमध्ये होत होतं तर त्यांनी देश कधी सोडला?

कोमल_रिषभ

१९८०. आधी व्हिएन्ना, पुढच्या वर्षी बर्लिन, तिथेच बरीच वर्षं. आता पुन्हा एस्टोनियात राहतात, लाउलास्मा इथे त्यांच्या नावाचं केंद्रही २०१८पासून उघडलंय.

देश सोडतानाची गोष्ट पॅर्ट यांनीच सांगितलीय. ब्रेस्तच्या सीमेवरच्या रेल्वे स्टेशनात झडती झाली. सात सुटकेसा, त्यात नोटेशनची बाडं, रेकॉर्डी आणि टेपा. पोलिस म्हणाले, ऐकू तर खरं. मग त्या रिकाम्या स्टेशनात आधी कान्टुस वाजलं, मग 'मिस्सा सिलाबिका'. ऐकून पोलिस एकदम नरमाईने वागायला लागले.

नवखी_श्रोती

धन्यवाद! धागा वाचनखुणेत टाकला.

गणिती_मूर्ख

आता मूळ मुद्द्यावर या. सगळे जण सत्तरच्या दशकातच घुटमळताय. म्हणजे मध्यलय यांचा आरोप खराच की! पुढच्या पन्नास वर्षांत काय केलं?

अनवट

शब्दांकडे वळले. माझ्या मते खरे पॅर्ट तिथेच आहेत. १९८२ची 'पास्सिओ' घ्या, योहानच्या शुभवर्तमानातला ख्रिस्ताच्या छळाचा सगळा मजकूर, लॅटिन. ख्रिस्ताला बेस आवाज आणि सगळ्यात संथ चाल, रोमन सुभेदार पिलाताला टेनर, निवेदनाला चार गायक. स्वर कुठे लांबवायचा ते मजकुरातली विरामचिन्हं ठरवतात. सत्तर मिनिटं सलग, नाट्यमय उंचसखल काही नाही. आणि अगदी शेवटी समारोपाची प्रार्थना एकदम डी मेजरमध्ये उघडते. सत्तर मिनिटं बंद खोलीत बसल्यावर कुणी खिडकी उघडावी तसं.

१९९७चा 'कानोन पोकायानेन' तर निव्वळ गायकवृंद, चर्च स्लाव्होनिक या ऑर्थोडॉक्स चर्चच्या जुन्या भाषेत. संचालक टोनू काल्युस्ते यांचं टॅलिनच्या निगुलिस्ते चर्चमधलं रेकॉर्डिंग मिळवा.

सुरपेटी

'दा पाचेम दोमिने' विसरू नका. मार्च २००४मध्ये माद्रिदला रेल्वेत बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर दोनच दिवसांनी लिहायला घेतली. पाचेक मिनिटांची आहे, सुरुवात करायला सोयीची.

आणि 'लामेन्ताते'. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये अनिश कपूर यांचं 'मार्सियास' हे अजस्र लाल शिल्प होतं, त्यावरून सुचलेली. पियानो आणि वाद्यवृंद. मधेच असा गडगडाट आहे की क्रेडोची आठवण येते.

गणिती_मूर्ख

पास्सिओ बत्तीस मिनिटं ऐकली आणि झोप लागली. विरोधी बाकावर उशी ठेवलेली बरी.

अनवट

मजकूर समोर ठेवून ऐका. भाषांतर बाजूला, बोट ओळीवर. आडवं पडून ऐकलं तर मलाही झोप लागेल.

मध्यलय

सगळ्यांचे आभार. इथे सुचवलेलं बरंचसं ऐकलं, तेव्हा हिशोब देतो.

क्रेडो माझ्या कायमच्या यादीत. कान्टुस आता दिव्यासारखं स्पष्ट दिसतं, आधी मी त्याला नुसतं ओसंडून वाहणारं दुःख समजत होतो, त्यातली लयीची बांधणी कळल्यावर ते फारच कडक शिस्तीचं निघालं. सिलेंतिउमचा शेवट अजून छळतोय. लामेन्ताते अर्धी आवडली. पास्सिओ मजकूर समोर ठेवून पुन्हा लावली, पिलाताच्या प्रसंगापर्यंत पोचलो, पुढचं नंतर.

श्पीगेल मात्र माझ्या लेखी अजूनही पार्श्वसंगीतच. गजाननरावांनी माफ करावं.

गजानन_गजवाला

माफी नाही. गज पाठवतो, स्वतः वाजवून बघा.

जॅझभक्त

चौथ्या सिम्फनीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? २००८ची, 'लॉस एंजेलिस' नावाची. तिसरीनंतर सदतीस वर्षांनी लिहिलेली. त्या वेळी रशियात तुरुंगात असलेल्या तेलसम्राट खोदोर्कोव्स्कींना अर्पण केलीय.

कोमल_रिषभ

कारण ती मला तरी रटाळ वाटते. अर्पणपत्रिका जास्त दमदार आहे.

जॅझभक्त

शेवटचा भाग नीट ऐकलात का? त्यावर वेगळा धागा काढतो, तिथे भांडू.